रात्रभरचा कार्यक्रम, दहापर्यंत

तर मंडळी, या विकांताचा विषय आहे एक सरकारी नियम. पळू नका, थांबा जरा.

१४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले. त्यातला पाचवा नियम म्हणतो की रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. २००२ मध्ये राज्यांना थोडी सूट मिळाली (वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही रात्री बारापर्यंत), २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं आणि २०१० च्या दुरुस्तीत वाद्यंही आत आली. सभागृह, समाजमंदिर अशा बंद जागा तेवढ्या वगळल्या. सोसायटीत राहणारे आपण सगळे या नियमाचे लाभार्थी. गणपतीत खालच्या चौकातल्या डीजेने खिडकीची काच थरथरायला लागली की मीही घड्याळाकडेच बघतो. त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण या नियमाने जाता जाता एक अख्खा कलाप्रकार मधोमध कापला आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, हेही खरं. तो प्रकार म्हणजे रात्रभर चालणारा जलसा, आणि त्याचा आमच्या वऱ्हाडातला वारस, दुय्यम कव्वाली.

'दुय्यम' म्हणजे दुय्यम दर्जाची नव्हे बरं का! मलाही लहानपणी पोस्टर वाचून तसंच वाटायचं. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्या. समोरासमोर बसायचं, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. विषय बुद्ध, फुले, बाबासाहेब, रमाई, शिक्षण, दारू, हुंडा, निवडणूक, काहीही. आणि हे पहाटेपर्यंत.

जलसा हा शब्द शाळेत भेटतो तो फार तर 'टिपा लिहा'मध्ये. दोन मार्क. मागे असलेली गोष्ट मात्र भन्नाट आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. विचार छापून पोचवायचे तर वाचणारे हवेत, आणि ज्यांच्यापर्यंत पोचायचं होतं त्यांना अक्षरच शिकू दिलं नव्हतं. मग सत्यशोधकांनी गावात आधीपासून चालत असलेली गोष्ट उचलली, ती म्हणजे तमाशा. त्याचा साचा लोकांना तोंडपाठ होता. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. साचा तोच ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीची आळवणी असायची, तिथे 'गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा पुढारी' असा अर्थ सांगायला सुरुवात झाली. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, भटजी आणि कर्जात बुडालेला शेतकरी आला. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतलं इम्प्लिमेंटेशन नवं. वापरणाऱ्याला काहीच नव्याने शिकावं लागत नाही. :)

पुढचा टप्पा आंबेडकरी जलशांचा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, २ मार्च १९३० ला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. या धामधुमीत, १९३० च्या आसपास, नाशिक जिल्ह्यातल्या तरुणांना घेऊन भीमराव कर्डक यांनी जलसा उभा केला. दिवसा नोकरी किंवा मजुरी आणि रात्री जलसा, असा सगळा मामला. मेलेली जनावरं ओढू नका, पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, सभेला या. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्या वर्षी निवडणुका आल्या, तेव्हा हेच जलसे प्रचारात उतरले. आपली दहा भाषणं आणि एक जलसा सारखेच, अशा अर्थाचं बाबासाहेब म्हणाल्याचं जलसेकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं. करणाऱ्यानेच आपला इतिहास लिहिल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी, म्हणून मला या पुस्तकाचं अप्रूप जास्त.

यातली एक गोष्ट मात्र खटकते. जलशांनी तमाशातलं सगळं घेतलं आणि नाचणारी बाई तेवढी बाहेर काढली. कारण समजण्यासारखं होतं. ज्या जातींतल्या बायकांना नाचवलं जायचं त्याच जातींचे हे कार्यकर्ते, त्यांना तो अपमानच संपवायचा होता. पण बाईचं काम मग लुगडं नेसलेल्या पुरुषाने केलं आणि बाईचा आवाज मंचावरून गेला तो बराच काळ. तो कसा परत आला ते पुढे येईलच.

आमच्या विदर्भात ही भट्टी आधीच पेटलेली होती. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रं चालवली. स्वतः लिहा, स्वतः छापा, स्वतः विका. कापड गिरण्यांमधले कामगार हा त्यांचा वाचक, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी गाणी. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरातच झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाही तिथलीच. दीक्षाभूमीवर जाऊन आलेली माणसं गावी परतली ती नवा धम्म घेऊन. गाण्यांना विषयच विषय मिळाले! जुन्या देवांची गाणी घरातून गेली होती. लग्नात काय म्हणायचं, बाळ झालं तर काय म्हणायचं, दळताना काय म्हणायचं? ही पोकळी मोठी होती आणि ती कुणा मोठ्या संस्थेने नाही भरली. वस्तीवस्तीतल्या हौशी पार्ट्यांनी भरली.

त्यातल्या एका पार्टीत माझे आबाजी (म्हणजे आजोबा) ढोलकी वाजवायचे आणि कोरसला असायचे. आमचं गाव अनसिंग. वाशिमहून पुसदकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर लागतं. शृंगऋषींवरून हे नाव पडलं असं म्हणतात आणि त्यांचं देऊळही गावात आहे. बाकी कापूस, तूर, सोयाबीन आणि आठवडी बाजार. गुगल मॅपवर बोट ठेवून 'हे माझं गाव' म्हटलं की हापिसातले लोक 'अकोल्याच्या जवळ का?' असं विचारतात. हो म्हणायचं आणि पुढे जायचं. वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत अकोल्यातच होता, त्यामुळे अगदीच चूक नाही.

आबाजींची पार्टी बिनमाईकची. म्हणजे १९६० च्या दशकात माईक शहरात होता, पण तो भाड्याने आणायचा तर बॅटरी, बैलगाडी, पैसे, सगळंच आलं. गॅसबत्ती मिळाली तरी खूप. मी त्यांना एकदा विचारलं होतं, की पाच-सहाशे माणसांना ऐकू कसं जायचं? ते म्हणाले, "आमच्या टायमाले काय माईक-फाईक नोतं बापू. पिंपयाखाली बसून गाये तं नदीच्या पल्ल्याड आयकू जाये. हिवाया असला तं बाजूच्या गावाले!"

हिवाळा असला तर शेजारच्या गावाला. हे वाक्य माझ्या डोक्यात अनेक वर्षं होतं. म्हाताऱ्या माणसाची बढाई म्हणून सोडून दिलं होतं म्हणा ना. मग कधीतरी ध्वनीबद्दल वाचताना कळलं की ही साधी भौतिकशास्त्राची गोष्ट आहे. दिवसा जमीन तापलेली, वरची हवा थंड. गरम हवेत आवाजाचा वेग जास्त असतो, त्यामुळे आवाजाची लाट वर वळते आणि आकाशात जाते. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटं होतं. जमीन पटकन गार पडते, वरचा थर त्यामानाने उबदार राहतो आणि आवाज खाली वळून जमिनीला धरून लांबवर जातो. डिसेंबरात वाशिमकडे पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं, आभाळ स्वच्छ असतं. म्हणजे कापूस वेचून झालेल्या शेतांवरून त्यांचा आवाज खरंच पुढच्या गावाला जात असणार. आबाजी बरोबर होते. त्यांना फक्त कारण माहीत नव्हतं, आणि कारणाशिवाय त्यांचं काही अडलंही नव्हतं.

हा चष्मा लावला की जलशाची सगळी रचनाच वेगळी दिसायला लागते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणजे मागच्या रांगेचे हाल. म्हणून गायक वरच्या पट्टीत, जवळजवळ ओरडून गातो, कारण आपला कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वात तिखट असतो. म्हणून तुणतुण्याची ती टणटण आणि कडक चढवलेली ढोलकी. म्हणून ध्रुवपद पाच-सहा जण मिळून उचलतात. एकाने टाकलेली ओळ मागच्यांना अर्धवट ऐकू आली असेल, तर कोरस ती पुन्हा नीट पोचवतो. आपल्याकडे नेटवर्कमध्ये हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवतात ना, तसंच. पहिल्या रांगेतली पोरंही ओळ उचलतात आणि मग ती ओळ मंडपातून मागे मागे सरकत जाते. ध्रुवपद शंभर वेळा का घोळवतात बुवा, असं शहरी कानाला वाटतं. आता तरी वाटू नये.

आणि रात्रभर का? कारण दिवसा मजुरी. कारण लांबून चालत आलेली माणसं अंधारात परत जाऊ शकत नाहीत, तर मग उजाडेपर्यंत बसायचंच. शिवाय सवाल-जवाबाला वेळ लागतो. पहिले दोन-तीन तास नुसते अंदाज घेण्यात जातात. मुद्द्याच्या गोष्टी, गावातल्या गोष्टी, नावं घेऊन केलेल्या टोचण्या, हे सगळं बारानंतर. सत्काराचे पाहुणे निघून जातात तेव्हा.

मागे २०२४ च्या २५ डिसेंबरला मी गावी होतो. अमेरिकेतल्या क्लायंटला नाताळची सुट्टी, म्हणजे आम्हालाही. आणि २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन दिन, म्हणजे वस्तीत कार्यक्रम. वऱ्हाडातला खरा हंगाम १४ एप्रिलचा, पण हिवाळ्यातही ६ डिसेंबर, २५ डिसेंबर, १ जानेवारी, ३ जानेवारी आणि रमाईची ७ फेब्रुवारी अशा तारखा सलग येतात. पोस्टरवर 'वेळ : सायं. ठीक ७ वाजता'. ठीक सात म्हणजे साडेआठ, हे वेगळं सांगायला नको. मग हार, सत्कार, शाल, मनोगत, 'मी आपला जास्त वेळ घेणार नाही' म्हणून घेतलेली वीस मिनिटं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. दहाला दहा कमी असताना संयोजकांपैकी एकाने मंचावर चिठ्ठी दिली. दुय्यम कव्वाली चाळीस मिनिटांत आटोपली! एका पार्टीने सवाल टाकला होता, दुसरीने उत्तराचा आलाप घेतला होता, तेवढ्यात आभारप्रदर्शन. कानटोप्या आणि घोंगड्या उठायला लागल्या. म्हाताऱ्या बाया तर शेकोटीसाठी काड्या आणि पोरांसाठी चिवडा घेऊन रात्रभराच्या तयारीने आलेल्या.

तेव्हा गायिका म्हणाली, माईक बंद करायला सांगितलंय, गळा नाही. (आठवणीतून लिहितोय, शब्द थोडे इकडेतिकडे असतील.) आणि दोन्ही पार्ट्या उठून समाजमंदिरात गेल्या. दार लावलं, खिडक्या लावल्या, खाली सतरंज्या. साधारण साठ-सत्तर माणसं मावली, बाकीची गेली. पेटी, ढोलकी, ढोलक, झांज. माईक नाही, मंच नाही. गाणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात हातभराचं अंतर. पुढचे तीन-साडेतीन तास जे झालं, ते मी याआधी कधीच ऐकलं नव्हतं. बाई सवाल टाकत होती, की बाबासाहेबांचा फोटो ज्याच्या घरात त्याच्या घरात सुनेला शिकू का देत नाही? समोरचा गायक उत्तर जुळवत असताना मागून एक आजीबाई ओरडल्या, "उत्तर दे ना बे, गाणं नोको म्हणू!" असा हशा पिकला की विचारू नका. गायक हरला, म्हणजे मोकळेपणाने हरला, आणि तिच्याच चालीत तिची माफी मागून पुढे गेला. जिला जलशाने बाहेर ठेवलं होतं ती आता समोर बसून सवाल टाकत होती, आणि तेही कुणाच्या परवानगीची वाट न बघता. कोरसमध्ये सगळेच होते. मीसुद्धा. सुरात नव्हतो, पण त्या खोलीत ते कुणाला कळणार होतं?

भिंती घामेजल्या होत्या. बाहेर दहा-अकरा अंश आणि आत शर्ट ओला.

तिथे बसल्या बसल्या मला आठवली ती जानेवारी २०२३ मधली मिनियापोलिसची एक रात्र. ऑनसाइटला पाच महिने होतो. टेस्टिंग टीममधला एक गोरा सहकारी ड्रम वाजवायचा. तो एका शुक्रवारी म्हणाला, चल, हार्डकोअर पंक म्हणजे काय ते बघ. बाहेर घोट्याच्या वर बर्फ, शून्याखाली किती ते मी बघायचंच सोडून दिलं होतं. एका इमारतीच्या तळघरात साठ-सत्तर पोरं, दाराशी बर्फाच्या बुटांचा चिखल, दहा डॉलरचं तिकीट म्हणजे हातावर मारलेला शिक्का. मंच नाही. गाणी दीड-दीड मिनिटाची, शब्द मला एकही कळला नाही. पण गाणारा मध्येच माईक गर्दीत खुपसायचा आणि पंधरा जण एकमेकांवर चढून ती एक ओळ ओरडायचे, आणि हे मात्र मला लगेच कळलं. हे कोरसचंच काम होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर झेरॉक्स काढून स्टेपल केलेल्या पुस्तिका विकायला होत्या. दीक्षाभूमीच्या बाहेर दहा रुपयांना मिळतात तशाच, फक्त तीन डॉलरला.

नंतर वाचत गेलो. हे सगळं प्रकरण १९८० च्या आसपासचं. वॉशिंग्टनमध्ये बॅड ब्रेन्स हा चार कृष्णवर्णीय तरुणांचा बँड, त्यांच्या मागोमाग मायनर थ्रेट. मायनर थ्रेटच्या पोरांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डची पाकिटं घरी बसून कात्रीने कापून डिंकाने चिकटवली. मिनियापोलिसच्या जोडशहरातला, म्हणजे सेंट पॉलचा, हुस्कर डू नावाचा बँड होता. त्यांच्या पहिल्या लाइव्ह अल्बममध्ये सव्वीस मिनिटांत सतरा गाणी आहेत! आमच्याकडे सव्वीस मिनिटांत एक गाणं जेमतेम रंगात येतं. तुलना फार ताणायची नाही. त्या तळघरातली पोरं घरच्यांपासून पळून तिथे आलेली होती, आणि आमच्या समाजमंदिरात आजीच्या मांडीवर झोपलेलं बाळ होतं. त्यांचा राग बापावर, सरकारवर, कंटाळ्यावर. इथे राग आहे तो पाणवठ्यावरून हाकललं होतं त्याचा. पण दोन्हीकडे मंडळींनी दुसऱ्या कुणाच्या मंचाची वाट बघितली नाही. गंमत म्हणजे आपल्याकडच्या रॉकवाल्यांनाही याच आवाजाच्या नियमांनी घेरलं होतं. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' गाजवणारं मुंबईचं रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले कार्यक्रम बंद पडले. त्यावर हळहळणारे बरेच लेख मी वाचले आहेत. वाशिम जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या रात्रींवर एकही नाही. असो.

लाऊडस्पीकरचं मात्र एक देणं मान्य करायला हवं. वस्ती गावाच्या कडेला. बिनमाईकचा आवाज वाऱ्यावर जाईल तिथे जायचा. कर्णा आला तेव्हा पहिल्यांदा ठरवता आलं की आवाज कुठे पाठवायचा. आबाजी ज्या गावांत गेले त्यातल्या एका गावात (नाव मुद्दाम टाळतो) कर्ण्याचं तोंड गावाकडे करायचं की शेताकडे यावरून अर्धा दिवस बैठक चालली होती. शेवटी एक इकडे, एक तिकडे. अशा गोष्टी आता हसून सांगितल्या जातात, पण हसण्यावारी नेऊ नयेत. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि एका दलित तरुणाचा खून झाला. रिंगटोन! ज्याला दहाचा नियम लागत नाही, ज्याला मंडप लागत नाही, तेवढासा आवाजही खपला नाही. त्यामुळे 'गाण्यात एवढं काय आहे' असं कुणी म्हटलं की मला उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे घराघरात पोचले. नामांतराच्या लढ्याची तर ती पार्श्वसंगीतच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ चा, त्यानंतरची जाळपोळ, १९७९ चा नागपूरहून निघालेला लाँग मार्च, आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं गाणी चालूच होती. कॅसेटचं वाईट एवढंच की गाणं मोठं झालं आणि पार्टी लहान झाली. उमपांसारख्याचा आवाज थोडक्या पैशांत घरी येत असेल तर गावच्या पार्टीला बिदागी कोण देणार? उमप स्वतः मात्र शेवटपर्यंत मंचाचेच राहिले. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रम सुरू असतानाच ते कोसळले आणि गेले. अलीकडे यूट्यूबने काही आवाज परत वर आणले. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात, आणि मुंबईत 'धम्म विंग्ज' नावाचा रॉक बँडही निघाला. पण यूट्यूबला सवाल टाकता येत नाही. खाली प्रतिक्रिया लिहिता येतात, पण त्या वाचण्यापेक्षा मनुस्मृती वाचलेली परवडली.

आता आबाजींच्या वहीबद्दल. ते २०१६ मध्ये गेले. त्यांचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही, एका लग्नाच्या व्हिडिओत ढोलकी ऐकू येते तेवढीच. वही उरली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, निळ्या आणि जांभळ्या शाईत, काही पानांना वाळवी लागलेली. गेल्या वर्षभरात विकांताला बसून मी ती टंकतोय. आधी वाटलं होतं, सगळी गाणी वामनदादा कर्डकांची असतील. वामनदादा म्हणजे या प्रांताचे बादशहा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली, लोकांच्याच घरी जेवले आणि झोपले.

वहीत वामनदादा आहेतच. ओळखायचं कसं? शेवटच्या कडव्यात नाव असतं. संतांच्या अभंगांपासूनची पद्धत, नाममुद्रा. ऐकून ऐकून उतरवलेलं गाणं, शब्द बदलतात, कडवी गळतात, पण नाव टिकतं, कारण ते वृत्तात आणि यमकात शिवलेलं असतं. काढायला गेलात तर गाणं लंगडतं. फाइलच्या वेगळ्या कोपऱ्यात लिहिलेली लेखकाची माहिती पहिल्या कॉपी-पेस्टला उडते, हे आपण रोज बघतो. या लोकांनी ती मजकुरातच विणून टाकली. नाव पुसलं जाण्याचा ज्यांना पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता त्यांना हे सुचलं, याचं नवल वाटायला नको.

पण त्रेसष्टपैकी एकोणीस गाण्यांत जी नावं आहेत ती मला कुठल्याच छापील पुस्तकात सापडली नाहीत. आडनाव नाही, नुसतं नाव, आणि दोन ठिकाणी नावापुढे गावाचं नाव. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, त्यातला एक गवंडी होता आणि एक गिरणीवर हमाल. ती नावं मी इथे देत नाही, त्यांच्या घरच्यांना शोधून विचारल्याशिवाय नाही देणार. चार गाण्यांत मुद्रा आबाजींची आहे. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "वाजवे तं वाजवे, लिये बी का?"

वहीच्या मागच्या बाजूने उलटं उघडलं की हिशेब आहे. गावाचं नाव, महिना, बिदागी, आणि शेवटच्या रकान्यात वेळ. बहुतेक ठिकाणी 'रात्रभर' लिहिलंय. काही ठिकाणी 'पहाट ५'. एका ओळीत, महिना पौष, बिदागी अकरा रुपये, आणि वेळेच्या जागी 'थंडी लय, लोक उठले नाही'.